आत वळवलेला आरसा

बायको रविवारी सकाळी योगाला जाते, असं तिचं म्हणणं होतं. मी त्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला नाही. योगाला कोणी बूट घालून जात नाही. परत आली की तिचे केस टाळूवर चपट बसलेले असायचे. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी लाली असायची. आणि एका रविवारी तिनं तोंडाचा दुपट्टा सोडला, तेव्हा हनुवटीखाली एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गेलेली बारीक लाल रेघ मला दिसली.

मी काही विचारलं नाही. मी विचारणारा माणूस नाही, बघणारा आहे. ती आंघोळीला गेल्यावर मी दोरीवरचा दुपट्टा नाकाशी धरला. पेट्रोलचा वास येत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस अंगणात उभा राहून बायकोचा दुपट्टा हुंगतो आहे, हे शेजारच्या गच्चीवरून कोणी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं, हा विचार मला तेव्हा आला नाही. तेव्हा एकच विचार होता : कोणाच्या गाडीवर बसून जाते?

कारण माझ्या गाडीवर तर ती कित्येक वर्षं बसलेली नव्हती.

आम्ही कोष्टी. बापाचा हातमाग होता. मी मागावर बसलो नाही, नागपूरच्या लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे बिलं बनवतो. पण बापाचा डोळा माझ्याकडे आला. बाप सकाळी मागासमोर उभा राहून आधी सगळ्या ताण्यावरून, उभ्या धाग्यांवरून, हात फिरवायचा. एवढ्या धाग्यांत एक कच्चा असतोच, तो सापडल्याशिवाय बसायचं नाही, असा त्याचा नेम होता. कापडासाठी ही सवय चांगली. माझ्याकडे माग नव्हता, म्हणून मी तो डोळा माणसांवर चालवला. दुकानात हमालावर, घरी दूधवाल्यावर, आणि लग्नानंतर काही वर्षांनी बायकोवर.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आताच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा टळेल.

बायको तेव्हा सदर भागात एका साड्यांच्या दुकानात काउंटरला होती. चांगली विकायची. पदर बोटांत धरला की हातमागाचा का पॉवरलूमचा ते सांगायची, गिऱ्हाईक खुश. संध्याकाळी मी तिला गाडीवर घ्यायला जायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मागं बसली की ती फोन काढते आणि हसते. घरी हसायची नाही असं नाही. पण हे हसणं मला न दाखवता हसलेलं होतं. मी पुढं, ती मागं. दिसणार कसं? म्हणून मी गाडीचा उजवा आरसा आत वळवला. इतका, की त्यात रस्ता नाही, तिचा चेहरा यावा.

एका संध्याकाळी दुकानातून तिला घेतलं आणि धंतोलीत भरती असलेल्या माझ्या मावसभावाला भेटून आम्ही परत निघालो. धंतोलीतला रस्ता ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. दवाखान्याला दवाखाना लागून, समोर गाड्यांची रांग, आणि गाड्यांत यवतमाळ-गोंदियाकडून आलेले, रात्रभर जागलेले नातेवाईक. कोण केव्हा उतरेल नेम नाही. मी आरशात बघत होतो. उन्हाळा होता, तिच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. पण हसताना डोळ्यांच्या कडा वर जातात. मी त्या कडा बघत होतो. उभ्या गाडीचं दार उघडलं ते मला अगदी जवळ आल्यावर दिसलं. मी हँडल उजवीकडे ओढलं. मी निसटलो. ती साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिचे पाय निसटले नाहीत.

गाडी पडली नाही. जरा पुढं जाऊन थांबली. मागं ती रस्त्यावर पडून ओरडत होती, लोक धावत होते, आणि मी सगळ्यात आधी हात लांब करून उजवा आरसा बाहेर वळवला. मग स्टँड लावला. मग तिच्याकडे गेलो.

दवाखाना शोधावा लागला नाही. पायाच्या नळीचं हाड मोडलं होतं, रॉड टाकावा लागला. रात्री माझी मोठी बहीण आली. आली तीच विचारत, "कसं झालं गा असं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "ही मागं हलली, ताई. ऐन टायमाले हलली, मले गाडी ओढताच नाही आली."

दुसऱ्या दिवशी बायको शुद्धीवर होती. तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मी खरंच हलली का?"

"हो."

"फोन पाहून राहिली होती मी," ती म्हणाली. "हललीच असीन."

तिला आठवत नव्हतं, म्हणून तिनं माझं मानलं. एवढा विश्वास मी आयुष्यात कोणावर ठेवलेला नाही.

ताईनं ते वाक्य नातेवाइकांत पोचवलं. लग्नात, बारशात, जिथं गाडीचा विषय निघाला तिथं, "मागची बाई हलली का गाडी गेली, आमच्याकडचंच पाहा." बायको कशीबशी हसायची. पाय बरा झाला, चालताना थोडा ओढते इतकंच. पण ती कोणाच्याच गाडीवर बसेना. भाचा म्हणायचा, मामी चला सोडतो, तर म्हणायची, "नाही रे बाबू, मी हलते." कुणी मला खोकला आहे म्हणावं तसं, मी हलते. सदरची नोकरी सुटली. मी सोडायला लावली नाही. "पाय असा आहे, कशी जाशीन बापा," एवढंच म्हणालो. आणि मनात बरं वाटलं. फोनवरचं हसणं बंद झालं होतं.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडी त्या दुकानातून पुन्हा फोन आला. मी पलंगावर डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. ती म्हणत होती, "हो, पण यायचं-जायचं माझं मलेच पाहावं लागन ना." मग जरा वेळ ऐकून, "मे महिन्यापासून? बघते मी." पलीकडे दुकानाची मालकीण होती, असं तिनं नंतर सांगितलं. मी मनात म्हटलं, मालकीणच कशावरून? आणि त्याच आठवड्यात तो योगा सुरू झाला.

दुपट्टा हुंगला त्याच्या पुढच्या रविवारी मी तिच्या मागं गेलो.

तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला. नागपुरात एप्रिलमध्ये अर्धं गाव असंच फिरतं, कोण कोणाला ओळखतं? ती कोपऱ्यावरून ई-रिक्षात बसली. मी गाडीवर मागं. माझी नजर रिक्षातल्या तिच्या पाठीवर खिळलेली. एका चौकात बाजूनं मोटारसायकल घासून गेली, त्यानं शिवी हासडली, मला कळलंही नाही. रिक्षा लकडगंजाकडे वळली. लकडगंज? माझ्या दुकानाच्या गल्लीत? रविवारी तर सगळा बाजार बंद. बंद बाजारात बाईचं काय काम?

लाकूड कापायच्या आरामशीनच्या कोपऱ्यावर रिक्षा एकाएकी थांबली. माझी नजर अजून पाठीवरच होती. मी दोन्ही ब्रेक कचकन दाबले. त्या कोपऱ्यावर लाकडाचा भुसा कायम पसरलेला असतो, हे रोज तिथून जाणाऱ्या मला माहीत नव्हतं असं नाही. मागचं चाक आडवं गेलं आणि मी गाडीसकट घसरत रिक्षाच्या पुढं जाऊन पडलो.

शिट्टी वाजली.

मान वर केली तर समोर रुंद रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या सात-आठ बाया, मध्ये विटांच्या रांगा मांडलेल्या, चार-पाच स्कूटी, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली, बॉबकट केलेली एक बाई माझ्याकडे चालत येत होती. मला वाटलं उचलायला येते. तिनं आधी भुशाकडे बोट दाखवलं.

"पाहा! मी तुम्हाले सांगून राहिली होती का नाही? भुशावर ब्रेक नाही. आजचा धडा स्वतःच्या पायानं चालत आला." मग माझ्याकडे वळून, "लागलं तर नाही ना भाऊ? आणि कोण आहे तुम्ही? बायांच्या क्लासमागं तोंड बांधून काहून फिरून राहिले?"

एक जाडशी बाई हेल्मेटच्या आतून म्हणाली, "मॅडम, चेनचोर असन. मंगळसूत्र सांभाळा वं!"

तेवढ्यात रिक्षातून उतरलेली माझी बायको माझ्या बुटांकडे बघत होती. ते बूट तिनंच घेतले होते.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुम्ही?"

मी दुपट्टा सोडला. कोपर सोललं होतं. त्या चेनचोर म्हणणाऱ्या बाईनं पाण्याची बाटली दिली आणि तोंड दाबून हसत बाजूला झाली. बायको हसली नाही. ती मला खाली आवाजात म्हणाली, "माझ्यामागं आले?"

"नाही. दुकानात काम होतं."

"रविवारी?"

मी कोपरावर पाणी ओतत राहिलो.

तर हनुवटीखालची रेघ हेल्मेटच्या पट्ट्याची होती. हाताची लाली हँडलची. केस हेल्मेटनं चपटे, पेट्रोल क्लासच्या स्कूटीचं. सगळे धागे मी बरोबर पकडले होते, आणि त्यांचं कापड मात्र भलतंच विणलं होतं. तिनं घरी का लपवलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तिनंच सांगितलं. "ताईंनी म्हटलं असतं, मागं बसून पाडलं, आता पुढं बसून काय करशीन."

त्या मॅडम आधी सदरकडच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायच्या. विकलेली गाडी घेऊन पोरी फाटकातच पडतात हे बघून बघून त्यांनी हा क्लास काढला, असं त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदा त्यांचाही संशय आला. दोन चाकं चालवायला शाळा कशाला? आम्ही शिकलो ते कोणाच्या तरी भावाच्या गाडीवर, मैदानात, गुडघे फोडून. पण मी तिथंच एका ओट्यावर बसून राहिलो, आणि जे ऐकलं ते मला माझ्यासाठीच बोलल्यासारखं वाटायला लागलं.

"रस्त्यावर कोणावर विश्वास ठेवायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांवर डाउट घ्यायचा. पण डाउट कुठं घ्यायचा ते शिका. ऑटोवाल्याच्या तोंडाकडे पाहू नका, तो तुमच्याकडे पाहीन आणि तरीही वळीन. त्याचं पुढचं चाक पाहा. चाक खोटं नाही बोलत. बस उभी आहे, तर समजा तिच्या पुढून माणूस निघून राहिला. मोटर उभी आहे, तर खालून पाय दिसतात का पाहा, काचेतून डोकं दिसतं का पाहा. डोकं दिसलं का दार उघडणारच, असं धरून चाला. दाराएवढी जागा सोडून चाला."

मी ओट्यावर बसून माझे बूट बघत होतो.

"आणि आरसा," त्या म्हणाल्या, "आरसा तोंड पाहायले नाही. तुमचं नाही, दुसऱ्याचंही नाही. मागचा रस्ता दिसला पाहिजे, आणि पाहायचं ते फक्त टपकन. जिकडे नजर जाईन तिकडे गाडी जाईन. खड्ड्याकडे पाहाल, खड्ड्यात जाल. मोकळ्या जागेकडे पाहा, गाडी आपोआप निघते."

बापाचं आठवलं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याकडे पाहू नको, म्हणायचा, धोटा आपला जातो. नजर कापडावर.

बायको एकटी चालवताना मी पाहिली. विटांमधून वळत, पाय खाली न टेकवता, मान वर. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं आणि लगेच दुसरंही आलं : आता ही कुठंही जाऊ शकेल. खोटं कशाला सांगू, दोन्ही एकदमच आलं.

पण मॅडमनी त्या जाड बाईला तिच्या मागं बसवलं आणि बायकोचे हात लाकूड झाले. स्कूटी दोन हात गेली आणि तिनं पाय टेकवले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. "मागं कोणी हललं तर?" ती म्हणत होती. "मॅडम, मले माहीत आहे, मागचं माणूस हललं का काय होते. मी स्वतः हललेली आहे."

मॅडमनी सगळी गोष्ट काढून घेतली. बायकोनं ती माझ्यासमोर जशीच्या तशी सांगितली, धंतोली, दार, मी हलली. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मागचं माणूस हललं तर गाडी डगमगते, ताई," त्या म्हणाल्या. "पण दार दिसत नाही असं होत नाही."

बायको म्हणाली, "यांनी पाहिलं होतं. मी हलली म्हणून ओढता नाही आली."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसा हिच्या मागं. पुढच्या रविवारपासून. तुमचीच सवय झाली पाहिजे तिले. एक तारखेले दुकान आहे, त्याच्या आधी लायसनची टेस्ट आहे. हे भूत आता नाही उतरलं तर मग नाही उतरणार. घरी जाऊन ठेवून देईन ती गाडी."

आठवडाभर मी गप्प होतो. तसा मी नेहमीच गप्प असतो, म्हणून कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मला मॅडमचा संशय होता. त्यांनी ओळखलं का? त्या बायकोला बोलल्या तर? एका संध्याकाळी बायको फोनवर मॅडमशी बोलत होती आणि मी दाराआड उभा राहिलो. क्लचवाली गाडी शिकावी का स्कूटीच बरी, असं काहीतरी चाललं होतं. दाराआडून बाजूला होताना मला पहिल्यांदा माझीच किळस आली.

रविवारी मी तिच्या मागं बसलो. कित्येक वर्षांनी आम्ही एका गाडीवर. ती पुढं, मी मागं. मॅडमचा नवा खेळ असा होता की बाजाराच्या बंद गल्ल्यांतून सावकाश फिरायचं, आणि मागच्यानं जे जे डाउटखोर दिसेल ते मोठ्यानं बोलत जायचं. चालवणाऱ्यानं ऐकत जायचं, स्वतःही शोधायचं.

"भाऊ, लाजू नका," मॅडम म्हणाल्या. "चुगली करा रस्त्याची."

मला लाजायची गरज पडली नाही. आयुष्यभर मी तेच तर करत आलो होतो.

"डावीकडं शटर अर्धं उघडं आहे, आतून कोणी निघन. पुढं गाय, तिची मान रस्त्याकडं. तो सायकलवाला मागं पाहून राहिला, म्हणजे वळणार. कोपऱ्यावर भुसा, ब्रेक आधीच मार. पाणी सांडलं आहे, तेल असन त्यात."

ती ऐकत होती. हात अजून ताठ होते, पण पाय टेकवत नव्हती. दुसऱ्या फेरीला आम्ही मॅडमसमोरून गेलो तेव्हा ती जाड बाई ओरडली, "भाऊ तर सीआयडी निघाले वं! घरी कसं होत असन तुझं!"

बायको हसली. हेल्मेटच्या आत. मला दिसलं नाही, फक्त खांदे हलले, आणि गाडी डगमगली नाही. तिलाही ते कळलं असावं. हात जरा सैल झाले. आम्ही तिसऱ्या गल्लीत वळलो. तिथं मालाचे टेम्पो ओळीनं उभे होते. मी बोलतच होतो.

"पहिला रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात माणूस आहे, पाय वर करून झोपला होता, आता उठून बसला. त्याचा हात दाराकडं गेला. उजवीकडं घे. दार उघडन आता."

तिनं आरशात टपकन पाहिलं, उजवीकडं घेतली, मधली जागा सोडली. दार उघडलं. ड्रायव्हर डोळे चोळत उतरला, आमच्याकडं पाहून जांभई दिली. आम्ही मोकळे पुढं निघून गेलो.

ती आरामशीनकडे वळली. मग मान न वळवता, पुढंच पाहत म्हणाली, "तुम्हाले तर सगळं दिसते."

"हं."

"टेम्पोच्या काचेमागचा हात दिसला."

तिनं गाडी जरा हळू केली.

"मग त्या दिवशी काहून नाही दिसलं?"

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या तोंडात पहिलं खोटंच आलं. अंधार पडला होता, समोरून लाइट येत होता. ते जिभेवर तयार होतं. पण ती चालवत होती, मी तिच्या मागं बसलो होतो, आणि तिच्या दोन्ही आरशांत मागचा रिकामा रस्ता होता. त्यात मी नव्हतोच. मला वाटतं त्यामुळेच मी बोलू शकलो. हेल्मेटच्या पाठीला सांगितलं.

"तू हलली नव्हती."

तिनं इंडिकेटर दिला. आरशात पाहिलं. डावीकडे घेऊन, भुसा टाळून, बंद शटरसमोर गाडी थांबवली. मॅडमनी शिकवलं तसं सगळं. इंजिन बंद केलं.

"मग?"

"मी आरशात पाहून राहिलो होतो. आरसा आत वळवला होता. तुले पाहायले."

"मले काहून?"

"तू फोनवर हसत होती."

ती हँडल धरून बसली. कुठंतरी आरीचं पातं कोणी घासत होतं. मग तिनं विचारलं, "आरसा लोकांनी पाहिला असन ना आत वळलेला."

"मी वळवला परत. बाहेर. आधी ते केलं. मग तुझ्याकडे आलो."

हे ऐकून ती गाडीवरून उतरली. हेल्मेट काढलं. चेहरा घामानं भिजलेला. मी समजलो होतो रडेल, किंवा ओरडेल. तिनं आपल्या दुखऱ्या पायाकडे पाहिलं, जणू त्या पायाशीच काही बोलायचं होतं.

"आठ ठिकाणी हसवलं ताईंनी माझ्यावर," ती म्हणाली. "लग्नात. तुम्ही जेवून राहिले होते बाजूले बसून."

"हो."

"मी मनातल्या मनात पाय हलवून पाहत जाऊ, कशी हलली असीन म्हणून. न्हाणीत, पाटावर बसून. इतकी हलली असीन का, तितकी हलली असीन का." ती थांबली. "उतरा."

मी उतरलो.

"ताईंले फोन लावा. माझ्यासमोर नाही. पण आज लावा. ज्या तोंडानं त्यांनी सगळ्यांले सांगितलं, त्याच तोंडानं परत सांगा म्हणा."

"लावतो." मग मला राहवलं नाही. इतकं होऊनही राहवलं नाही. मी विचारलं, "तू तेव्हा काहून हसत होती? कोणाचं होतं?"

तिनं हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली बसवला, ओढून पाहिला.

"ते मी तुम्हाले कधीच सांगणार नाही," ती म्हणाली, आणि चालवत निघून गेली. एकटी, मान वर करून. त्या दिवशी तिनं मॅडमना सांगून त्या जाड बाईला मागं बसवलं आणि दोन फेऱ्या मारल्या, असं मला नंतर कळलं. मी तेव्हा लाकडाच्या थप्प्यांमधून घरी पायी निघालो होतो.

ताईला फोन लावला. ती आधी म्हणाली, "कायले रे आता जुनं उकरून राहिला?" मग म्हणाली, "मी कितीक लोकांले सांगितलं, बापा." मी म्हटलं, "त्यांले सगळ्यांले सांग." आरशाचं मात्र तिला सांगितलं नाही. फक्त म्हणालो, माझी नजर रस्त्यावर नव्हती. ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहितो आहे.

बायको टेस्टमध्ये पास झाली. सदरला जाते. आमच्यात बोलणं कमी झालं आहे. ती चिडलेली नाही, असं ती म्हणते, आणि मी आता तिचं म्हणणं तपासत नाही. निदान प्रयत्न करतो. संध्याकाळी तिचा फोन वाजला की मी उठून अंगणात जातो. कोणाचा आहे हे मला अजून जाणून घ्यायचं असतं. अजून. ती इच्छा गेलेली नाही, ताण्यात अडकलेल्या कच्च्या धाग्यासारखी तिथंच आहे.

सकाळी लकडगंजापर्यंत ती मला मागं बसवून सोडते. तिच्या आरशात मी दिसत नाही. मॅडमच्या शिकवणीप्रमाणे मी बोलत जातो. काल गोळीबार चौकाच्या पुढं तिनं मान न वळवता विचारलं, "मागून काय येऊन राहिलं?"

"पांढरी व्हॅन," मी म्हणालो. "इंडिकेटर नाही. पण चाक उजवीकडं आहे. जाऊ दे तिले आधी."

तिनं जाऊ दिली.